बाख डांगचं हट्टी पाणी

संध्याकाळ झाली तरी पाणी परत आलं नव्हतं.

सुरंगी तांडेल धक्क्यावर एकटीच बसली होती. समोर बाख डांग नदीचा नुसता चिखल. तिच्या देवगडला सकाळी भरती आली की संध्याकाळी पुन्हा यायचीच. मग व्हिएतनामचं हे पाणी गेलं कुठे?

तिचे बाबा इथून दूर, समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला होते. उद्या दुपारी त्यांचं जहाज वर्षभरासाठी दुसऱ्या समुद्रात जाणार होतं. त्यांच्याकडे नेणारी बिनखलाशाची नाव (यंत्र स्वतःच हाकतं ती) फक्त भरतीला सुटायची, कारण एरवी नदीच्या मुखाशी गाळ आड यायचा. सकाळी ती सुटली तेव्हा सुरंगी इथल्या शाळेच्या वसतिगृहात निवांत केस विंचरत होती. संध्याकाळच्या भरतीला जाऊ की! होड्या हाकणाऱ्या तांडेलाच्या पोरीला भरती-ओहोटी कोण शिकवणार?

मनगटावरच्या पट्टीत बाबांचा आवाज आला. "काय गो, खंय रवलंस? सकाळपासून वाट बघतंय."

"बाबा, पाणीच येवक नाय," ती म्हणाली. वसतिगृहात मराठी बोलणारं कुणीच नव्हतं. आज बाबांशी पोटभर बोलायचं, असं तिने ठरवून ठेवलं होतं. तिला रडू आलं.

"आज पाणी येणार नाही," कानातलं दुभाषी यंत्र म्हणालं. मागे थिन आजोबा उभे होते. धक्क्याजवळच्या घरात ते एकटेच राहत. नोकरीभर त्यांनी या नदीचं पाणी मोजलं होतं.

"का नाही? चंद्र तर तोच आहे," सुरंगी चिडून म्हणाली.

"चंद्र तोच, समुद्र वेगळा." आजोबा तिच्याशेजारी बसले. "चंद्राच्या ओढीने पृथ्वीच्या दोन बाजूंना पाण्याचे फुगवटे येतात. पृथ्वी फिरते, म्हणून तुमच्याकडे दिवसातून दोन भरत्या. पण चंद्र बहुतेक दिवस विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या मधोमध कल्पिलेल्या रेघेच्या) वर किंवा खाली असतो. मग एक फुगवटा मोठा, एक लहान. आता सांग, झोपाळ्याला कधीही ढकललं तर तो उंच जातो?"

"नाही. त्याच्या लयीत ढकलावं लागतं."

"फुगवटे म्हणजे समुद्राला मिळणारे धक्केच. ही नदी ज्या आखाताला मिळते त्याचा आकार आणि खोली अशी, की त्याची लय दिवसातून एका धक्क्याशी जुळते. दुसरा धक्का विरून जातो. म्हणून इथे बहुतेक दिवस एकच भरती, आणि ओहोटी लांबलचक."

त्यांनी चिखलाकडे बोट दाखवलं. "हजार वर्षं आमच्यावर उत्तरेच्या चीनची सत्ता होती. मग न्गो क्वेन नावाच्या सेनापतीने या नदीच्या तळात लोखंडी टोकांचे खांब रोवले. भरतीत ते झाकले गेले. छोट्या होड्यांनी शत्रूच्या जहाजांना आत ओढून आणलं आणि पाणी उतरल्यावर ती खांबांवर अडकली. परकी सत्ता संपली, तो राजा झाला. पुढे घराणी आली नि गेली. ली घराण्याने आजच्या हनोईच्या जागी राजधानी उभारली. चान घराण्याच्या काळात मंगोल आरमार आलं, तेही इथेच, याच युक्तीने अडकलं. सिंहासनावरची माणसं बदलली, पाण्याची सवय बदलली नाही."

"म्हणजे मीही शत्रूच्या जहाजासारखीच अडकले."

"तू परक्या पाण्याला घरचं माप लावलंस एवढंच."

सुरंगीने बोटांवर काहीतरी मोजलं. मग हळूच तिने विचारलं, "पृथ्वी एक फेरी मारते तोवर चंद्रही थोडा पुढे सरकतो. म्हणजे उद्याची भरती आजच्यापेक्षा उशिरा?"

"साधारण पाऊण तास उशिरा."

"आज आठला होती. उद्या नऊच्या आत! नाव तासाभरात पोचते. बाबा दुपारी निघणार!" तिने घाईघाईने पट्टी दाबली. "बाबा, उद्या सकाळी येतंय. दहापर्यंत. खंय जाव नकात."

"ये गो बाय," बाबा म्हणाले.

पण उद्या दुपारी, पाणी पुरतं उतरायच्या आत सुटणाऱ्या परतीच्या नावेत ती पुन्हा एकटीच असणार होती, आणि पुढे वर्षभर. आजोबा उठून घराकडे निघाले होते. तिथेही दिवा लागलेला नव्हता.

"आजोबा, तुम्हीपण चला ना उद्या," ती म्हणाली. "येताना सोबत होईल."

ते थांबले. "जन्मभर हे पाणी मोजलं," ते म्हणाले, "पण त्याच्यावरून कुणाला भेटायला कधी गेलो नाही."

ते परत येऊन तिच्याशेजारी उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या वडिलांना मासे-भात चालतो ना? डबा नेऊ."

देवगडच्या माणसाबद्दल असं विचारतात का कुणी! सुरंगी दिवसभरात पहिल्यांदाच हसली.