कड्याचा नंबर

"सुभद्राताई, पक्षी आवळू नकोस. मान दोन बोटांत, पाठ तळहातात. श्वास घेऊ दे त्याला."

ज्योतीरामचा, माझ्या धाकट्या भावाचा, हा आवाज अजून कानात आहे. पिंपरीच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून तो मुंबईच्या एका पक्षीमंडळासाठी पाहुण्या पक्ष्यांच्या पायांत नंबराची कडी घालायचा. "हिमालयापलीकडून येणारे हे परीट पक्षी पुढच्या वर्षी याच बेटावर उतरतील, बघ," म्हणायचा. ज्येष्ठात विषमज्वराने तो गेला.

म्हणून १९५९च्या आश्विनात आम्ही तिघं इंद्रायणीतल्या पाणकणसाच्या बेटाकडे निघालो. मी, त्याचा मित्र बबनराव आणि होडीवाला कोंडाजी भोई. त्याच्या हातचं, त्याच्या वहीतल्या नंबराचं एक तरी कडं परत आलेलं बघायचं होतं. निघताना त्याची बायको अंबू एवढंच म्हणाली, "वन्सं, दिसेल ते खरं सांगा." मी कबूल केलं.

स्नान, तुळशीला पाणी, जप, सारा नेम उरकूनच मी होडीत पाय ठेवला.

"ताई, तुमच्या नेमापायी पाखरं काशीला पोचतील!" कोंडाजीने टोमणा मारला.

धुक्यात होडी दोनदा गाळात रुतली. बेटाशी पोचलो, तेव्हा उजाडायला आलं होतं. कोंडाजीने घाईघाईने दोन बांबूंवर जाळं ताणलं. आयुष्यभर मासे धरलेला माणूस! खालची दोरी त्याने सवयीने पाण्यालगतच बांधली. आमच्याही ते लक्षात आलं नाही.

पाणकणसातून परीट उठले. जाळं भरलं! आणि तेवढ्यात पाणी चढू लागलं. वर मावळात पाऊस झाला असावा.

"नदी फुगली, ताई! माघारी फिरू या!" कोंडाजी ओरडला.

जाळ्याचा खालचा झोळ बुडत होता. मी कमरेएवढ्या पाण्यात उतरले. डाव्या हाताने दोरी वर उचलून धरली, उजव्याने पक्षी सोडवू लागले. एक सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्याच्या पायात कडं!

"नंबर वाचा!" बबनराव ओरडले. ते आणि कोंडाजी ओढीला लागलेली होडी जिवाच्या कराराने थोपवत होते.

कड्यावर चिखल होता. पुसायला दुसरा हात हवा. दोरी सोडली तर बाकीचे बुडणार! इवलंसं काळीज माझ्या तळहातावर धडधडत होतं.

मी मूठ उघडली. तो गेला.

उरलेले सोडवले. दोन परीट मात्र आधीच बुडून मेले होते; तेही ओच्यात खोचले. मग बांबूच उखडला, माझे पाय सुटले आणि कोंडाजीने दंडाला धरून मला होडीत ओढलं.

काठावर तो मान खाली घालून बसला. "माझ्यामुळं झालं, ताई. पाखरं हायेत ती, मासं न्हाईत, येवढं बी ध्यानात आलं न्हाई."

"तुमच्यामुळेच मी जिवंत आहे, दादा."

बबनराव हळूच म्हणाले, "अंबूवहिनींना सांगा, ज्योतीरामचंच कडं होतं. तेवढाच जिवाला आधार."

"दुसऱ्या गावीही कडी घालतात ना हो?" मी विचारलं.

"घालतात," ते पुटपुटले.

मेलेले दोन्ही परीट पदराने पुसून मी करंजाखाली पुरले. मग लुगडं पिळलं आणि देहूच्या पायवाटेने, अंबूच्या घराकडे, एकटीच चालू लागले.