हललेली माणसं

इंद्रजित हे लिहून ठेवणारच नव्हता. फिरोजचं कौतुक एकदा लिहिलं की हा जन्मभर डोक्यावर मिऱ्या वाटणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण खरं ते खरं.

मिरजेच्या एका अणुचिकित्सा प्रयोगशाळेत इंद्रजितने, कॉलेजची पायरी न चढता, घरीच शिकून ‘पूरकजाल’ नावाचा शिकणारा संगणक-प्रोग्राम बनवला होता. हाडांच्या स्कॅनला पंचवीस मिनिटं निपचित पडावं लागतं. याचं तीन मिनिटांत भागायचं. टोचलेल्या किरणोत्सारी औषधाचे थोडेच ठिपके तेवढ्या वेळात कॅमेऱ्यात यायचे, उरलेले ठिपके जाल अंदाजाने भरायचं. हजारो जुनी स्कॅन बघून ते शिकलं होतं.

पहिला पेशंट त्याचा जिवलग, फिरोज तांबोळी. कंबर अशी धरलेली की पाच मिनिटं पाठ टेकवणं मुश्कील.

तीन मिनिटं झाली. पडद्यावर सांगाडा चकचकीत. एक डाग नाही.

“बघा मॅडम!” इंद्रजितची कॉलर ताठ.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. डोईफोडे मात्र फिरोजकडे बघत होत्या. तो दात आवळून टेबलावरून उतरत होता.

“एवढं दुखतंय, आणि चित्र इतकं गोंडस? जालाला शिकवायला कुठली स्कॅन घेतलीस रे?”

“एकदम स्वच्छ. हललेली, धूसर सगळी काढून टाकली.”

“आणि हलतं कोण?”

इंद्रजितचा चेहरा उतरला. ज्याला दुखतं, तोच हलतो. खूप दुखणारी हाडं जालाने कधी बघितलीच नव्हती. मग रिकाम्या जागी ते भरणार काय? न दुखणारी हाडं.

“म्हणजे ज्यांच्यासाठी बनवलं, तीच माणसं त्याला माहीत नाहीत,” तो पुटपुटला.

“मग मला दाखव की त्याला.” फिरोज परत टेबलावर चढला. “पूर्ण पंचवीस. हललो तर नाव बदलीन.”

“येडा झालायस का?”

“तुझ्या मशीनला एक तरी खरा मास्तर नको?”

घाम फुटला, ओठ पांढरे पडले, पण गडी हलला नाही. कमरेच्या मणक्यात ठळक डाग उमटला.

“वेळेत सापडलं,” मॅडम म्हणाल्या. “इलाज करता येईल.”

इंद्रजितने ते स्कॅन जालाच्या शिकवणीत सगळ्यात वर ठेवलं. इतका अभिमान त्याला जाल बनवतानाही वाटला नव्हता.

“उठव आता, मुडद्या!” फिरोज कण्हत ओरडला.

त्याला हात देत इंद्रजित म्हणाला, “फिऱ्या, शब्द देतो. हे जाल दुखणं ओळखायला शिकेपर्यंत, त्याच्या भरवशावर एकाही माणसाला ‘तुला काही झालं नाही’ म्हणून घरी पाठवणार नाही.”