जाळीत अडकलेलं बोट

एडना प्रॅटचं घर पेटलं तेव्हा आग विझवायचा पंप ऐन वेळी बंद पडला. ती गुरुवारची गोष्ट. सोमवारी सकाळी वॉरबिलीच्या अग्निशमन दलाचा कॅप्टन मर्व हॅस्लम थेल्मा क्वर्ककडे आला.

थेल्मा खासगी चौकशीची कामं घ्यायची. तिचा दीर डग गाडी चालवायचा आणि तर्क लढवायचा, बहुतेक चुकीचे.

मर्वने टेबलावर बरणी ठेवली. आत बोटाच्या पेराएवढं, पातळ, पारदर्शक काहीतरी होतं.

"हातमोज्याच्या बोटाचं टोक. पंपाच्या इंजिनात तेलाच्या जाळीवर बसलं होतं. तेल अडलं आणि इंजिन जाम झालं. पंप लिंडसे कूट सांभाळतो. आज चारच्या बैठकीत त्याला दलातून काढणार आहेत."

"तुम्हाला काय वाटतं?"

"खरं काय ते कळू दे." मर्व बोटावरच्या पट्टीशी चाळा करत होता.

"हे कशाने लागलं?"

"आगीच्या आधीच्या शनिवारी. दलाच्या निधीसाठी सॉसेजचा स्टॉल लावतो, तिथे कांदे कापताना."

लिंडसे दलाच्या शेडमध्ये, पंपाशेजारी एकटाच बसला होता. वीस वर्षं दलात, आणि आता नजर वर उचलत नव्हता.

"तेल मी दोन महिन्यांपूर्वी बदललं. नंतर चारदा सराव झाला, म्हणजे ते काळं व्हायला हवं. पण इंजिन उघडलं तर नव्यासारखं सोनेरी. आता मलाच वाटतं, मध्ये बदललं असेल नि विसरलो असेन."

"मोजे कुठले वापरता?"

त्याने गाडीतून खोकं काढलं. मोजे नारिंगी, जाड, खरखरीत पकडीचे, मनगटाच्या वरपर्यंत येणारे. "महाग आहेत, पण एक जोडी अख्खं काम पुरते. पातळ मोजा नुसता बोल्ट बघूनच फाटतो."

"हे खोकं शेडमध्ये नसतं? स्टॉलच्या शनिवारीही नव्हतं?"

"नाही, गाडीतच. त्या शनिवारी तर मी अॅडलेडला होतो, लेकीकडे. गाडी घेऊनच."

बाहेर आल्यावर डग म्हणाला, "वहिनी, पातळ मोजे लपवलेत त्याने."

"लपवणारा माणूस स्वतःवर संशय घेतो का रे?"

स्टॉल शेडच्या दारातच लागायचा. तो सांभाळणारी आयव्ही रँकिन अजून धुसफुसत होती.

"अगं, खाण्याचे पदार्थ हाताळायचे ते पारदर्शक मोजे. नवं कोरं खोकं दुपारपर्यंत निम्मं रिकामं! मर्व मध्येच गायब, सॉसेज करपले. आला तो हात घासत बसला."

"आणि कांदे?"

"कांद्यांचं काय? खाटीक कापूनच पाठवतो, दरवर्षी."

साडेतीनला थेल्माने मर्व आणि लिंडसेला पंपापाशी उभं केलं.

"तेल सोनेरी होतं, म्हणजे सरावांनंतर कुणीतरी बदललं. तुकडा पारदर्शक, म्हणजे लिंडसेचा नाही. असे मोजे शेडजवळ एकाच दिवशी होते, स्टॉलच्या शनिवारी. इंजिनाच्या कामात ते एकामागून एक फाटत गेले, म्हणून निम्मं खोकं संपलं. त्या दिवशी लिंडसे गावात नव्हता. आणि मर्व, तुमचं बोट कांदे चिरताना कापलं नाही. कांदे कापलेलेच आले होते."

मर्व पंपाच्या चाकावर बसला. "सरावात तेल काळं दिसलं. लिंडसे नव्हता, उन्हाळा म्हणजे आगींचे दिवस तोंडावर. म्हटलं, गिऱ्हाईकं कमी आहेत तेवढ्यात उरकू. जाळीच्या कडेने बोट कापलं. रक्त बघितलं, पण मोज्याचं टोक कुठे गेलं ते बघितलं नाही."

डगला राहवलं नाही. "मग वहिनीकडे आलातच कशाला?"

"लिंडसे माझ्या दारात आला होता. म्हणाला, 'माझंच चुकलं असेल, माफ कर.' मी त्याला चहा दिला, खरं सांगितलं नाही. तेव्हापासून माझी मलाच लाज वाटते. स्वतः तोंड उघडेना, म्हणून उघडायला लावणारं माणूस शोधलं."

लिंडसेने गाडीतून मोज्यांचं खोकं उचललं. मग म्हणाला, "चारच्या बैठकीत सांग. पण आधी एडनाला."

एडना जळक्या घराची राख उपसत होती. मर्वने टोपी काढून सगळं सांगितलं. तिने फावडं खाली टाकलं.

"काल लिंडसेने सूप आणलं होतं," ती म्हणाली. "मी त्याच्या तोंडावर दार लावलं. तेही शेजाऱ्यांचं, माझं तर उरलंच नाही."

लिंडसेने खोक्यातून तीन जोड्या काढल्या. एक तिला दिली, एक मर्वला.

"घाला," तो म्हणाला. "राखेत खिळे आहेत."