डावखुरा वाचक

आरशाची काच बदलून घ्यायला मी फोटोंच्या चौकटी करणाऱ्या एकाच्या दुकानात शिरले, आणि त्याचा हात बघून दारातच थांबले. बाहेर बारीक पाऊस होता, अर्धी मी भिजत होते, तरी जागची हलले नाही. तो फोटोच्या मागे लावायचा खाकी कागद कापत होता... डाव्या हाताने. आणि ती निळ्या मुठीची कात्री खास डावखुऱ्यांसाठीची होती. तिच्यावर मी अख्खं पान लिहिलं होतं!

सांगायचं राहिलं. मी डावखुरी, आणि डावखुऱ्यांच्या वस्तू वापरून बघून त्यांच्याविषयी लिहिणं हा माझा उद्योग. छोटीशी वेबसाइट आहे. प्रत्येक वस्तूखाली लिंक असते. तिच्यावरून कोणी खरेदी केली की दुकान मला थोडं कमिशन देतं. पोट त्यावरच चालायचं. पण खरं सांगू? मला त्या खरेदीची सोबत वाटायची. कोणीतरी वाचतंय, एवढं कळायचं. मग आकडा घसरत शून्यावर आला आणि तिथेच ठाण मांडून बसला. वाचकांनी काही लिहावं म्हणून ठेवलेली जागाही मी बंद करून टाकली — रिकामी बघवेना. भिंतींशी किती दिवस बोलणार? महिनाअखेर खोली सोडून दादाकडे राहायला जायचं ठरलं होतं. वहिनीने माझ्यासाठी कपाटातला एक कप्पा मोकळाही केला होता. दोघं मायेची आहेत, पण तो कप्पा आठवला की मी सामान बांधायचं थांबायचे.

मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, कात्री कुठून घेतली.

"एक बाई लिहितात," तो मान वर न करता म्हणाला. "त्यांच्या साइटवरून. ही फूटपट्टी पण. सगळं तिथूनच घेतो मी."

"सगळं?"

"त्या शेवटी लिहितात ना — इथून घेतलंत तर मला कळेल, कोणी वाचलं ते. म्हणून..." तो अडखळला. कान लाल झाले होते. "तीन कात्र्या झाल्यात माझ्याकडे. डावा हात एकच आहे."

मला हसू यायला हवं होतं, पण माझ्याकडे त्यातल्या एकाही कात्रीची नोंद नव्हती. हा माणूस थापा मारतोय असं वाटून मी जरा फटकळपणेच म्हटलं, हे खोटं आहे. त्याला ते लागलं. त्याने गल्ल्यावरचा कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला, माझंच पान उघडलं आणि लिंक दाबली.

दुकानाचं पान आलं. वरच्या पत्त्याच्या शेवटी माझं खुणेचं नाव होतं, त्यावरूनच तर दुकानाला कळतं की गिऱ्हाईक कोणी पाठवलं. मग पान आपोआप एकदा लुकलुकलं... आणि त्या जागी भलतंच नाव आलं. मी त्याला परत करायला लावलं. परत तेच.

कोपऱ्यात एक गोंडस पिवळं चिन्ह होतं. कूपन शोधून देणारं एक्स्टेंशन, तो म्हणाला, फुकट मिळतं म्हणून ब्राउझरला जोडलेलं. कूपन मात्र आजवर एकही सापडलेलं नाही. मग मी त्याला समजावलं, की हे कूपन शोधतच नाही. लिंकमधलं नाव पुसून आपलं घालतं, आणि कमिशन आयतं ते बनवणाऱ्यांच्या घशात.

त्याचा चेहरा एकदम पडला. चोरी माझी झाली होती, आणि लुटल्यासारखा तो दिसत होता.

"म्हणजे त्यांना कधी कळलंच नाही?" तो म्हणाला. "दोन वर्षं मला वाटत होतं, त्यांना माहीत आहे... की मी आहे."

दिवसभर लोकांच्या लग्नांचे, लेकराबाळांचे फोटो चौकटीत बसवायचे, आणि संध्याकाळी दुकानामागच्या खोलीत एकट्याने जेवताना माझं पान वाचायचं, असा त्याचा दिवस. हे त्याने पुढे कधीतरी सांगितलं. तेव्हा एवढंच समजलं, की आम्ही दोघं एकमेकांना हाका मारत होतो आणि मधला चोर त्या खिशात घालत होता. राग आला. रागापेक्षा रडू जास्त आलं.

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "पण ते पहिलं नाव त्यांचंच आहे, हे तुम्हाला कसं माहीत?"

"माझं आहे ते."

त्याने कॉम्प्युटर पुन्हा आपल्याकडे ओढला. मग त्याने ते एक्स्टेंशन काढून टाकलं आणि घाईघाईने पुन्हा लिंक दाबायला गेला. मी त्याचा हात धरला.

"चौथी कात्री नको," मी म्हटलं. "कळलं मला."

"उशीर झाला कळायला."

"झाला खरा."

हात मात्र कोणीच काढून घेतला नाही.

तेवढ्यात दादाचा फोन आला, सामानाची गाडी कधी पाठवू म्हणून. मी म्हटलं, पाठवू नकोस. वाचक आहेत मला. हे पिवळं चिन्ह आणखी किती जणांकडे आहे ते आता शोधते, आणि या चोराविषयी सगळ्यांना लिहून सांगते. दादाला त्यातलं काही उमगेना, तेव्हा वहिनीने फोन काढून घेतला. माझा भरलेला आवाज ऐकून ती घाबरली.

"एकटी आहेस का गं आत्ता?"

"नाही," मी म्हटलं. "दोन वर्षं एकटी नव्हतेच, वहिनी. मला कळलंच नव्हतं."