एका माणसाला अख्खी बोट

त्या रविवारी सेलूच्या एका पार्टीनं अख्खी बोट घेतली होती, आणि घाटाच्या पायऱ्या उतरून आला तो एकच माणूस.

एका हातात केकचा डबा, दुसऱ्या हातात झेंडूचे दोन हार, आणि चेहरा असा, की बोटीत नाही, दात काढायला चाललाय...

"बाकीची मंडळी कुठंयत?" मी विचारलं.

"मीच मंडळी," तो म्हणाला.

मी दीपिका. गंगाखेडच्या घाटावरून आमच्या बचत गटाची बोट चालवते. बंधाऱ्यात पाणी अडलं की थंडीभर गंगा काठोकाठ असते. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. घाटावरून निघायचं, देवळांची शिखरं दाखवायची, रेल्वेच्या पुलाखालून जायचं, वरच्या वाळूच्या बेटाला वळसा घालून परत. तासाभराची सफर. माझे आईवडील मेंढ्या राखतात. मेंढ्या पाण्यात घालून पैलतीराला नेता नेता मी पोहायला शिकले, आणि गटाला बोट मिळाली तेव्हा इंजिनाला हात लावायला बाकीच्या बाया घाबरल्या म्हणून तेही माझ्याकडं आलं.

वहीत नाव होतं महारुद्र. त्या नावावरून मला भरघोस मिशांचा, खर्जात बोलणारा कुणीतरी वाटला होता. हा तर सडपातळ, चष्मेवाला, आणि उजव्या कानामागं कापसाचा एक पुंजका अडकलेला. सेलूला कापसाच्या जिनिंगमध्ये मशिनं बघायचा, हे नंतर कळलं. तो पुंजका मात्र मला पहिल्याच नजरेत दिसला, आणि का कोण जाणे, काढून टाकावासा वाटला.

"आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली," तो म्हणाला. "दोघं कधी कुठं फिरले न्हाईत. म्हणून अख्खी बोट घेतली. तर सकाळी गाय व्यायला झाली. बाबा म्हणाले, गाय सोडून मी येत न्हाई. आई म्हणाली, यांना सोडून मी येत न्हाई."

"मग तारीख बदलून घ्या की."

"नको. मी एकटाच जातो. व्हिडिओ काढून आईला दाखवतो." त्यानं पाण्याकडं पाहिलं. "बोट... हलती का लय?"

आमच्या गटाच्या अध्यक्ष सगुणाबाई मागं उभ्या होत्या. लग्नाला चाळीस वर्षं झालेलं जोडपं येणार म्हणून त्यांनी पहाटेपासून बोटीला आंब्याची पानं बांधली होती. त्या माझ्या कानाशी आल्या. "नवरदेव आलाय गं, नवरी राहिली घरी!"

मी हसू दाबलं आणि दोर सोडला.

तो बोटीच्या बरोब्बर मधोमध बसला. दोन्ही हातांनी बाक धरून.

"पवता येतं का?" मी विचारलं.

"न्हाई."

"पाण्याची भीती वाटती?"

"भीती न्हाई. पाण्याची अन् माझी... ओळख न्हाई."

"करून देते की!"

तो हसला. हसला की डावी भुवई उगाच वर जायची त्याची.

धुकं विरत चाललं होतं. पाण्यावर कोवळं ऊन सांडलं होतं आणि बगळे काठाकाठानं पावलं मोजत होते. मी माझं रोजचं बोलणं सुरू केलं. ही शिखरं, तो पूल, ते बेट... "अन् तो काळा दगड बघा, हत्तीसारखा. भीमानं फेकलेला हाय."

"असं? कुणी सांगितलं?"

"मीच. आत्ताच."

यावेळी तो मोठ्यानं हसला. एक हात बाकावरून सुटला, आणि लगेच परत घट्ट बसला.

बेटाजवळ पोचलो आणि त्याचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पलीकडं त्याची आई, पार्वतीबाई. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत आलेला, डोळ्यांत पाणी.

"रुद्रा, गाय अडली रे! डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलाय, यायला तास लागंल म्हणतो. अर्धा तास झाला, एकच खूर बाहेर आलंय, अन् तुझे बाबा नुसते..." आवाज तुटला. चित्र गोठलं.

मी इंजिन बंद केलं. "रेंज बेटाच्या पुढच्या अंगाला मिळती. फोन धरून बोटीच्या टोकावर उभं राहा."

"मी?"

"मी बोट सांभाळू का फोन धरू?"

तो उठला. बाक, मग कठडा, मग दोरखंड... असं एकेक धरत टोकाशी गेला आणि फोन उंच धरला. मी वल्ह्यानं बोट जागेवर ठेवली. चित्र परत हललं. गोठा दिसला, गाय आडवी पडलेली, आणि मागं गुडघ्यावर बसलेले दिनकरराव. पांढरं धोतर चिखलानं भरलेलं.

"मावशी, फोन जरा खाली धरा," मी ओरडले. "नाक दिसतं का? एक खूर अन् नाक?"

"कोण बोलायलंय?" दिनकररावांनी मान वर केली.

"बोटवाली. काका, वासराचा दुसरा पाय आत दुमडलाय. ओढू नका! ओढलं की दोघं जातील. हात कोपरापर्यंत साबणानं धुवा, तेल लावा."

त्यांनी फोनकडं रागानं पाहिलं. त्यांच्या दावणीला साऱ्या आयुष्यात कितीतरी गाई व्यायल्या असतील, आणि कोण कुठली पोरगी बोटीत उभी राहून त्यांना शिकवत होती! पण गाईनं एक असा हंबरडा फोडला, की ते मुकाट्यानं उठले आणि हात धुऊन आले.

"आता कळ थांबू द्या. थांबली? वासराला हळूच आत ढकला. हां. आता पाय चाचपडा. गुडघा लागला का? खाली सरका... खूर तळहातात झाकून धरा, पिशवीला लागू देऊ नका. अन् आणा बाहेर. हळू. काका, हळू!"

शेळ्यामेंढ्यांची असली बाळंतपणं मी आईसंगं किती केली, मोजदाद नाही. पण डोळ्यांनी बघायचं आणि हात दुसऱ्याचे, हे पहिल्यांदाच. माझे स्वतःचे हात वल्ह्याला चिकटून बसले होते.

"आला," दिनकरराव पुटपुटले. "पाय आला..."

"आता कळ आली की दोन्ही पाय धरून खाली ओढा. सरळ न्हाई, खाली!"

मग नुसता गलका झाला. फोन कुठंतरी पडला, गोठ्याचे पत्रे दिसले, पार्वतीबाईंचा रडण्याहसण्याचा एकच आवाज आला. आणि शेवटी ओलं, थरथरणारं, तांबूस वासरू.

"कालवड हाय!" दिनकरराव म्हणाले. मग फोनजवळ आले. घामानं निथळत होते. "पोरी, कुणाची गं तू?"

"बिरूची. मेंढ्यावाल्या बिरूची."

"बापानं अक्कल दिली तुला," ते म्हणाले, आणि रेंज गेली.

नदीवर एकदम शांत झालं. महारुद्र अजून फोन उंच धरून उभा होता. मग सावकाश खाली पाहिलं त्यानं.

"मी... टोकावर उभाय."

"वीस मिनिटं झाली."

"खाली पाणी हाय."

"ते आधीपासून हाय."

तो खाली बसला नाही. तिथंच उभा राहून माझ्याकडं बघत राहिला, असा, की मला वल्हं धुण्याचं काम निघालं. मग आम्ही केक बोटांनी खाल्ला. घाटावर उतरताना मी न राहवून म्हटलं, "कानामागं कापूस हाय." त्यानं चुकून दुसरा कान चाचपला.

पुढच्या रविवारी तो परत आला. एकटाच.

"आज कुणाची वरात?"

"कालवड आठ दिवसांची झाली."

त्याच्या पुढच्या रविवारी पण आला. तेव्हा कालवडीला पंधरा दिवस झाले होते. चौथ्या वेळी मी विचारलं, "आज काय?" तर त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आज काहीच न्हाई," तो म्हणाला. "आज नुसतं... आलो."

मी सुकाणूवरचा हात बदलला. ऊन एकाएकी जास्तच वाटायला लागलं. त्या दिवशी मी त्याला सुकाणू धरायला दिलं. त्याच्या हातावर हात ठेवून वळवायला शिकवलं, आणि बेट मागं गेलं तरी हात काढायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पण घाट छोटा असतो. माणसं बोलायला लागली. सगुणाबाई चिडवायच्या त्या आता चिडवेनाशा झाल्या, नुसत्या काळजीनं बघायच्या. शेवटी सहाव्या रविवारी मी नदीच्या मधोमध इंजिन बंद केलं.

"तुमी आता येऊ नका."

"का?"

"तुमी येता अन् जाता. मला हितंच राहायचंय." मी पाण्याकडं बघत बोलत होते. "तुमी शेतीवाडीवाले, मोठ्या घरचे. आमी मेंढ्यामागं फिरणारे. माझा बाप तुमच्या ओसरीवर येऊन बसंल. तुमचा बाप आमच्या पालात घोंगडीवर बसंल का?"

मला वाटलं होतं तो लगेच म्हणेल, बसतील की. कुणीही म्हणालं असतं. त्यानं बाक परत दोन्ही हातांनी धरला.

"ठाऊक न्हाई," तो म्हणाला. "विचारून सांगतो."

"विचारून!" माझा संताप झाला. मी इंजिनाची दोरी अशी ओढली, की काठावरचे बगळे उडाले.

पुढचा रविवार आला, तो आला नाही. त्याच्या पुढचाही. तिसऱ्या रविवारी मी परभणीच्या एका कुटुंबाला सांगितलं की हा दगड हनुमानानं फेकलाय, आणि त्यांच्या आजोबांनी विचारलं, "मगाशी भीम म्हणालीस ना?" आईचा फोन यायचा. त्यांचा कळप तेव्हा चारठाण्याकडं होता. "आवाज का बसलाय गं?" म्हाळसाबाई, माझी आई, विचारायची. मी म्हणायची, थंडी. खरं काय ते मला तिला फोनवर कधी सांगता आलं नाही. लपवताही आलं नाही.

चौथ्या रविवारी जिंतूरच्या अंगणवाडीच्या बायकांनी अख्खी बोट घेतली होती. अठरा बायका, नऊवारी-पाचवारीवर चढवलेली केशरी जॅकेटं, चिवड्याचे डबे, आणि सगळ्यांच्या वर कुसुमबाईंचा आवाज. मी दोर सोडला तेवढ्यात पायऱ्यांवरून कुणीतरी धावत आलं.

"एक जागा मिळंल का?" महारुद्र धापा टाकत होता.

"बोट पूर्ण बुक हाय," मी त्याच्याकडं न बघता म्हणाले.

"येऊ दे गं," कुसुमबाई म्हणाल्या. "एवढा पळत आलाय बिचारा. बस रे बाबा, चिवडा खा."

तो दोन बायकांच्या मधे चेपून बसला. मी आज देवळांबद्दल बोलले नाही, पुलाबद्दल नाही. इंजिन मुद्दाम मोठं ठेवलं. तो पुढं सरकत, बायकांची माफी मागत, माझ्या जवळ आला आणि काहीतरी बोलायला लागला.

"ऐकू येत न्हाई!" मी म्हणाले.

तो आणखी जोरात बोलला. ओठ हलत होते, चष्मा घसरत होता. शेवटी वैतागून मी इंजिन बंद केलं, आणि नेमकं त्याच क्षणी गंगेच्या साऱ्या शांततेत त्याचा आवाज घुमला:

"...तुझ्याशी लग्न करायचंय!"

अठरा बायकांचे चिवड्याचे हात थांबले.

"तुमीवरून एकदम तू?" एवढंच मला सुचलं.

तो कानापर्यंत लाल झाला. पण थांबला नाही.

"तू विचारलं होतंस. मी विचारलं. खरं सांगतो, बाबा आधी तयार नव्हते. आठ दिवस माझ्याशी बोलले न्हाईत. मग मी एकटाच चारठाण्याला गेलो. तुझे वडील म्हणाले, कळप हलवायचाय, बोलायला सवड न्हाई. मग मी कळप हलवू लागलो. दुसऱ्या रविवारी परत गेलो. अन् तिसऱ्या रविवारी मी निघालो, तर बाबा गाडीत येऊन बसलेले. म्हणाले, चल. तुझ्या पालात, घोंगडीवर, दोन तास बसले. तुझ्या आईच्या हातची भाकरी खाल्ली, दुसरी मागून घेतली."

"अन् मला कुणी एका शब्दानं..."

"मीच सांगू नका म्हणालो. नकार आला असता तर तो तुझ्यापर्यंत यायला नको होता."

"मग काय म्हणाला माझा बाप?" मी विचारलं.

"म्हणाले, पोरीला विचारा. तिची बोट ती चालवती."

माझ्या बापाला मी आयुष्यात कधी एवढं लांब वाक्य बोलताना ऐकलं नव्हतं. डोळे भरून आले. मी डोळे पुसायला मान वळवली, तर पलीकडं चार बायका पदरानं डोळे पुसत होत्या.

"मी ही बोट सोडणार न्हाई," मी म्हणाले.

"सोडू नको. मी सेलू सोडतो. जिनिंग गंगाखेडलाबी हाय. बोलून आलोय त्यांच्याशी."

"तुमची शेती?"

"भाऊ बघतो. सुगीला दोघं जाऊ." मग हळूच, "...येशील?"

"अगं बोल की बाई!" कुसुमबाईंना राहवेना. "आमचा जीव टांगणीला लागला!"

मी त्याच्याकडं पाहिलं. त्याची भुवई वर गेली नव्हती, तो हसत नव्हता. फार घाबरला होता. आणि घाबरलेला असूनही माझ्यासमोर सरळ उभा होता.

"मला तुमी आवडता," मी म्हणाले. "लय आवडता. तीन रविवार मी..."

बोटीत जो कल्ला झाला, तो पुलावरून जाणाऱ्या गाडीच्या आवाजातही ऐकू आला असेल. कुणी माझ्या हातात चिवडा कोंबला, कुणी त्याच्या. "असं न्हाई चालायचं," कुसुमबाईंनी फर्मान काढलं. "नाव घे! त्याशिवाय बोट हलायची न्हाई!"

"अजून लग्न न्हाई झालं मावशी!"

"मग सराव समज!"

मी सुकाणू घट्ट धरलं. कान तापले होते. आणि मग म्हटलं, त्याच्याकडं बघतच:

"कापूस फुटला रानोरान, गंगा भरली काठोकाठ,
महारुद्ररावांच्या संगं बांधते जन्माची गाठ."

तो माझ्या शेजारच्या फळीवर बसला, अगदी खेटून, आणि सुकाणूवरच्या माझ्या हातावर त्यानं हात ठेवला. अठरा बायकांसमोर.

मी इंजिन सुरू केलं. ठरलेली वेळ संपली होती, घाट डावीकडं होता. मी बोट उजवीकडं वळवली, वरच्या अंगाला, जिथं नदी रुंद होत जाते. मागं चिवड्याचे डबे परत फिरायला लागले. घाई कुणालाच नव्हती.