येथे पाणी मारू नये

"अहो, थांबा! गरम आहे इंजिन!"

चैतालीने पाण्याचा पाइप खाली घेतला. धायरीतल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, उघड्या बॉनेटच्या पलीकडे एक उंच माणूस उभा होता. कपाळावर घाम... आणि डोळ्यांत उगाचच हसू.

"मी जयसिंग. मांजरीहून आलोय, गाडी बघायला. किती वेळ चालू होती?"

"अर्धा तास. गिऱ्हाइकापुढे बंद पडायला नको, म्हणून."

"गिऱ्हाईक आभारी आहे. पण तापलेल्या इंजिनवर गार पाणी पडलं, तर तडा जातो. निवू द्या. दुधाच्या रिकाम्या पिशव्या आहेत घरात?"

एरवी तिने चार शब्द सुनावले असते. पण बाबा जाऊन चार महिने झाले होते. हॉस्पिटल, दाखले, सह्या, शिवाय रोजचं खराडीचं ऑफिस... भांडायलाही त्राण नव्हतं. बाबांची ही मारुती एकदाची नजरेआड व्हावी, एवढंच तिला हवं होतं.

ती पिशव्या घेऊन आली. मागाहून दोन कप चहाही.

इंजिन निवल्यावर त्याने बॅटरीची ऋण टोकाची वायर सोडवली, एअर फिल्टरचं तोंड पिशवीने बांधलं. "आता हा डिस्ट्रिब्यूटर. ह्यात पाणी गेलं, की गाडी रुसते. तुमच्यासारखी."

"मी रुसलेली नाही. दमलेय."

त्याचं हसू मावळलं. "मग बसा. मी पुसतो."

ती बसली नाही. पाइप बाजूला ठेवून दोघंही साबणाच्या फडक्याने पुसू लागले. डिस्ट्रिब्यूटरजवळच्या पत्र्यावरचा ओशट थर निघाला, आणि खाली पांढऱ्या रंगातली बारीक, वळणदार अक्षरं दिसली. जयसिंगने मोठ्याने वाचलं –

"येथे पाणी मारू नये. कारण विचारू नये."

बॅटरीशेजारी आणखी एक ओळ होती. "आधी ऋण, मग धन. घाई असल्यास बसने जावे." त्याने मान वर केली. "हे कोण?"

"बाबा," ती म्हणाली. "पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते."

आणि ती हसली... मोकळं, पोटातून. हसता हसता कधी रडू लागली, तिचं तिलाच कळलं नाही. जयसिंगने तिच्याकडे पाहिलं नाही. लख्ख झालेलं एकच झाकण तो पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

सगळं कोरडं झाल्यावर पिशव्या सोडल्या, वायर जोडली. जयसिंगने किल्ली फिरवली; गाडी दुसऱ्या फटक्यात सुरू झाली. ती बंद करून तो खाली उतरला.

"मग... कधी नेऊ?"

चैतालीने हात पुढे करून किल्ली मागितली. "मी नाही विकत."

"वाटलंच." त्याने किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. बोटं मात्र क्षणभर तिथेच रेंगाळली. "निदान चालवा तरी. उभी राहून खराब होईल."

"मला येत नाही चालवायला."

"मी शिकवेन. दर रविवारी... चालेल?" मग जरा चाचरत म्हणाला, "पण शिकवताना मी ओरडतो हं. फार."

"ओरडा," ती म्हणाली. "घर फार शांत झालंय."