हळू चालताना गुदमरणारी गाडी

पुढे साडेतीनशे रेनडियर शांतपणे चालले होते आणि त्यांच्या मागे आईची स्नोमोबाइल पुन्हा गुदमरायला लागली.

आईला धरून मागे बसलेल्या रिस्तेनला ते सीटमधूनच कळलं. इंजिनाचा सूर खाली गेला, गाडीने दोन आचके दिले, मागून निळसर धुराचा लोट आला. आता बंद पडणार म्हणून आईने जोरात रेस दिली. गाडी खाकरली आणि मोठ्याने किंचाळत पुढे उसळली.

झालं. शेवटच्या रांगेतल्या चाळीसेक माद्या उधळून झाडांत घुसल्या. सगळ्या गाभण, महिन्याभरात विणाऱ्या. कमरेएवढ्या बर्फात त्या धडपडत होत्या. लांब डाव्या बाजूला आजोबांनी हात वर केला आणि सगळा कळप थांबला. सकाळपासून हे तिसऱ्यांदा होत होतं.

दुपारी घरी कॉफी पिताना आजोबांनी निर्णय सांगून टाकला. उद्या पहाटे कळप किनाऱ्याकडे निघेल. नदीवरचं बर्फ आणखी आठवडाभर टिकेल, त्यापलीकडे त्यांचा भरवसा नव्हता. मार्याची गाडी घरीच राहील. गाभण माद्यांच्या मागे असली गाडी नको.

मार्या म्हणजे रिस्तेनची आई. गाडी घरी म्हणजे आई घरी, आणि आई घरी म्हणजे रिस्तेनही घरी. वसंतातलं हे स्थलांतर आईने आजवर एकदाही चुकवलं नव्हतं. रिस्तेनचं तर हे पहिलंच असणार होतं. त्यासाठी ईस्टरच्या सुट्टीला जोडून तिने शाळेतून आठ दिवसांची रजा मिळवली होती.  आईने उठून कप धुतला, मग धुतलेला कप पुन्हा धुतला.

"मी बघतो ना," हेइका मामा म्हणाला आणि गाडी घेऊन तळ्यावर गेला. गोठलेल्या तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याने ती बाणासारखी पळवली. दहा मिनिटांत परत आला तेव्हा त्याच्या मिशांवर बर्फ होतं. गाडी ठणठणीत आहे, मार्याला ती चालवता येत नाही, असं त्याने जाहीर केलं. या आठवड्यात त्याने हे तिसऱ्यांदा जाहीर केलं होतं. मधल्या काळात त्याने कार्बुरेटर साफ केला, स्पार्क प्लग बदलले आणि पेट्रोलपंपवाल्याला चार शिव्याही घातल्या होत्या.

मामा झोपायला गेल्यावर रिस्तेन शेडमध्ये शिरली. मामाचा मुलगा आन्ते आणि तिचा धाकटा भाऊ निलास तिच्या मागोमाग आले. आन्ते चौदा वर्षांचा होता आणि इंजिनाबद्दल आपल्याला सगळं कळतं असं त्याला वाटे. बहुतेक वेळा ते खरंही असे.

काढलेले जुने प्लग मामाने एका डब्यात टाकले होते. रिस्तेनने एक उचलला. टोक काळं कुळकुळीत, बोटाला ओलसर लागलं, पेट्रोलचा भपकारा आला. मग आन्तेने आत्ता तळ्यावरून आलेल्या गाडीतला प्लग काढला. तो कोरडा होता, कॉफीत दूध घातल्यासारख्या रंगाचा.

"काळा म्हणजे पेट्रोल जास्त झालंय," आन्ते म्हणाला. "नाहीतर हवा कमी पडतेय."

हवा कमी पडायचं एक कारण तिघांनाही एकदमच सुचलं. रेनडियरचे केस! या घरात ते चहात सापडतात, गणिताच्या वहीत सापडतात, मग गाडी हवा घेते तिथे का नसतील? त्यांनी हवेचा डबा उघडला. केस निघाले, पण मूठभरसुद्धा नाहीत. ते काढून टाकले, तरी एवढ्याने गाडी गुदमरेल यावर कुणाचाच विश्वास बसेना.

"मामा हिला नेहमी पळवूनच बघतो," रिस्तेन विचार करत म्हणाली. "आपण चालवून बघू."

कुंपणाच्या आत निलास पुढे चालू लागला आणि आन्ते त्याच्या पावलांच्या वेगाने गाडी मागे आणू लागला. दहा फेऱ्या झाल्या. निलास दमला, गाडी दमली नाही. एकदाही आचका नाही, धूर नाही.

हे फारच चमत्कारिक होतं. घरी ती हळूही नीट चालत होती आणि जोरातही. कळपामागे मात्र हळू चालताना गुदमरत होती. मग तिथे असं काय होतं, जे इथे नव्हतं?

"रेनडियर," निलास म्हणाला. "तिला त्यांची भीती वाटते."

"मग तिला ऑस्लोला नेऊ आणि टॅक्सीला लावू," आन्ते म्हणाला.

पण रिस्तेन हसली नाही. आजोबांचा म्हातारा माणसाळलेला रेनडियर कुंपणात होताच. तिने त्याला धरून गाडीपुढे चालवलं. काही झालं नाही. मग मागे घसरगाडी जोडली. तिच्यावर चाऱ्याची पोती चढवली. शेवटी पोत्यांवर निलासला बसवलं. प्रत्येक वेळी एकच नवी गोष्ट, आणि प्रत्येक वेळी तीन फेऱ्या. इंजिन एका सुरात गुरगुरत राहिलं.

आता रिस्तेनला एकच माणूस आठवलं. ती घरात गेली आणि आईला म्हणाली, कळपावर जाताना करतेस तस्सं सगळं कर, अगदी दारातून निघाल्यापासून. आईने आधी नाही म्हटलं. मग लेकीच्या तोंडाकडे पाहून उठली. तिने टोपी घातली, पट्ट्याला सुरी अडकवली, बाहेर येऊन दाराशेजारच्या खुंटीवरचा, रेनडियर पकडायचा फासाचा दोर घेतला, त्याचं वेटोळं हँडलच्या डाव्या मुठीला टांगलं आणि गाडी सुरू केली.

साठ पावलं ठीक गेली. मग सूर खाली उतरला. एक आचका. दुसरा. निळसर धूर.

"आई, थांब! काही हलवू नकोस."

रिस्तेन धावत गेली. इंजिन कसंबसं धुगधुगत होतं. तिने डाव्या मुठीवरचं वेटोळं उचललं. इंजिनाने दोनदा खोकून घसा साफ केला आणि सूर वर आला. तिने वेटोळं परत टांगलं. थोड्या वेळाने सूर पुन्हा पडला.

आन्ते गुडघ्यांवर बसून दोराखाली बोट फिरवत गेला. मुठीजवळून एक बारीक केबल वळून खाली कार्बुरेटरकडे जात होती. ती चोकची होती. थंड इंजिन सुरू करताना चोक ओढला की जादा पेट्रोल मिळतं. चोकचा खटका तर बंदच दिसत होता. पण ओल्या, गोठून जड झालेल्या दोराचं वजन केबलच्या नेमक्या वळणावर पडत होतं आणि ती जेमतेम नखाएवढी ओढली जात होती. तेवढ्याने पेट्रोलची बारीक धार आत चालू राहत होती. पळताना इंजिन इतकी हवा ओढतं की ती धार कुठल्या कुठे विरून जाते. हळू चालताना तीच धार त्याच्या घशात साठते.

आई दोराकडे बघत राहिली. दोर खांद्यावरून तिरका घालायचा असतो, सगळेच तसा घालतात. पण जानेवारीत तिचा खांदा निखळला होता आणि तेव्हापासून दोराचा भार त्याला सोसत नव्हता. म्हणून मुठीला. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती.

गलक्याने मामा जागा होऊन बाहेर आला. दोरीने इंजिन बंद पडतं म्हणे, असं म्हणून तो पोट धरून हसला. रिस्तेनने गाडीची सीट हाताने झटकली.

"बस ना मामा. पण तळ्यावर नाही. निलासच्या मागे, त्याच्या चालीने."

निलास दोन्ही हात पोटाखाली धरून गाभण मादीसारखा डुलत निघाला. दोन पावलं चालायचा, थांबायचा, मागे वळून मामाकडे रागाने बघायचा. मुठीला दोर तसाच ठेवून मामा मागून आला. गाडी सरपणाच्या ढिगापाशी पोचली आणि खाकरून बंद पडली. पायरीवर आजोबा बसले होते. ते कधी बाहेर आले, कुणालाच कळलं नव्हतं.

"हेइका," ते म्हणाले, "तू तिची पळायची परीक्षा घेत राहिलास. आपल्याला तर चालायचं होतं."

मामाने मिशी चोळली. मग मुकाट्याने पाना आणायला गेला. केबल मुळातच जरा ताठ बसवलेली होती. ती सैल करून त्याने वळण आतल्या बाजूला बांधून टाकलं. आन्तेला मात्र तो म्हणाला की हे मलाही सुचणारच होतं. आन्ते म्हणाला, हो बाबा, जूनपर्यंत.

आजोबांनी रिस्तेनला जवळ बोलावलं. एकेक गोष्ट वेगळी करून बघायचं तुला कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. कुणीच नाही, ती म्हणाली. त्यांनी बराच वेळ मान हलवली.

"उद्या तुमची गाडी सगळ्यांत मागे," ते म्हणाले. "जड माद्यांपाशी."

आईने चमकून वर पाहिलं. स्थलांतरात ती जागा आजोबा स्वतःकडे ठेवत असत.

पहाटे बर्फाचा वरचा थर काचेसारखा कडक होता. कळप निघाला. सगळ्यांत मागे आईची गाडी, तिच्या मागच्या सीटवर रिस्तेन, आणि फासाचा दोर रिस्तेनच्या खांद्यावर. नदी ओलांडताना सर्वांत जड मादी मध्येच थांबली आणि उभी राहिली. आईने रेस सोडली. गाडी तिच्यापासून दहा पावलांवर मंद गुरगुरत राहिली. एक मिनिट गेलं, दोन गेली. रिस्तेन श्वास रोखून ऐकत होती. सूर तसाच होता.

मादीने बर्फ हुंगलं, अंग झटकलं आणि चालू लागली. तिने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.